ओव्याची धुरी

सांगा मंडळी, धुराच्या बाबतीत विश्वास कोणावर ठेवाल, चार लेकरं वाढवलेल्या आजीवर की छताला लावलेल्या, धूर हुंगणाऱ्या भोंग्यावर? मेलबर्नला अंबूताईंनी न्हाऊ घातलेल्या नातवाला ओव्याची धुरी दिली आणि भोंगा असा कोकलला, की सगळी इमारत रस्त्यावर! अंबूताई हबकूनच गेल्या.

इमारतीचे व्यवस्थापक हॅरिसन गरजले, "घरात धूर? आजच घर खाली करा!"

सुनेनं सासूला ते मराठीत सांगितलं. अंबूताई तिला म्हणाल्या, "विचार गं, दर रविवारी अंगणात धूर करून हे साहेब काय भाजतात?"

सुनेनं विचारलं. "मेंढी," हॅरिसन ऐटीत म्हणाले.

"अगं बाई! मेलेल्या मेंढीला धूर चालतो, आणि माझ्या जित्या लेकराला नाही?"

सुनेनं हे सांगताच लोक खो खो हसले. हॅरिसन पुटपुटले, "राहा. पण धुरी अंगणात द्या."

तेव्हा मंडळी, दुसऱ्याच्या धुराचा हिशेब मांडाल, तर आपलाही प्रामाणिकपणे मांडा.