बारा जणांचा पाळणा

एका डोंगरी राज्यात एक पारखी होती. राज्यात कुठलीही नवी वस्तू आली की ती तपासून बघायची. तिने होकार दिल्याशिवाय ती वस्तू कुणी वापरायची नाही, असा तिथला रिवाज होता.

एकदा एका कारागिराने कड्यावरच्या देवळात जाण्यासाठी दोराचा पाळणा बांधला. तो ओढणारं यंत्र एका बंद पेटीत होतं. "पेटी उघडायची नाही," कारागीर म्हणाला. "एकापासून बारा माणसांपर्यंत कितीही बसा, पाळणा अलगद वर जाईल."

"पेटीत काय आहे ते मला नकोच," पारखी म्हणाली. "पाळण्यात काय ठेवलं की काय होतं, तेवढं मी बघेन."

सहा-सहा माणसं दिवसभर वर-खाली करून आली. दरबारी खूश झाले. पारखी मात्र म्हणाली, "सहा माणसं कितीही वेळा पाठवा, परीक्षा एकच झाली."

मग तिने बारा माणसं बसवली. पाळणा कुरकुरला, पण गेला. तेरा बसवली, तर जागचा हलला नाही. तेही बरोबरच होतं.

"झालं ना समाधान?" राजाने विचारलं. देवळातल्या पूजेच्या मुहूर्तावर त्याची लहानगी राजकन्या ताट घेऊन दरबाऱ्यांच्या आधी एकटीच वर जाणार होती. ती पाळण्यात बसलीसुद्धा होती.

पारखी पुढे झाली. "महाराज, बाराचं टोक तपासलं, एकाचं राहिलंय. एकटं कुणी अजून गेलेलं नाही."

"बारा जणांना पेलणारा पाळणा एका पोरीला पेलणार नाही?" राजा चिडला. "मुहूर्त टळतोय!" दरबारी हसले. हसायला त्यांचं काय जात होतं?

आपली शंका खोटी ठरली तर राजा आपल्याला ठेवणार नाही, हे पारखीला ठाऊक होतं. तरी तिने राजकन्येला उचलून खाली घेतलं आणि तिच्या वजनाएवढं वाळूचं पोतं पाळण्यात ठेवलं. "सोडा आता."

पाळणा सुटला तो सुसाट. वर कड्यावर आदळला, फळ्या फुटल्या आणि वाळू सगळ्यांच्या डोक्यांवर पडली.

कारागीर पांढराफटक पडला. "जड ओझ्याचीच भीती होती, सगळा जोर त्यासाठीच लावला," तो पुटपुटला. "हलक्याचा विचारच केला नाही." राजाने मुलीला घट्ट धरलं. पारखीला रडू आलं.

मग राजा म्हणाला, "पारखीबाई, तुम्ही हो म्हणाल तोच मुहूर्त."

तात्पर्य: मधलं पुन्हा पुन्हा तपासून नुसता धीर येतो, घात मात्र टोकाला होतो. दोन्ही टोकं बघितल्याशिवाय कुणाच्याही घाईला हो म्हणू नये.