थोरल्या धांडोऱ्यांची लेक

मोरघळीत आलेल्या पाहुण्याची पहिली फजिती पत्ता विचारताना होते. खाली फाट्यावर बसमधून उतरून त्याने "धांडोऱ्यांचं घर कुठलं हो?" असं विचारलं, की समोरचा माणूस चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणतो, "धांडोरे मानूस पायजे का झरा?"

यात थट्टा आहे, पण खोटं काही नाही. या घळीतली झाडून सारी घरं धांडोऱ्यांची, आणि हे आडनाव माणसांवर थांबलेलं नाही. गावाच्या डोक्यावर ऐनाचा जो भलामोठा वृक्ष उभा आहे, ते थोरले धांडोरे. त्याच्या मुळांतून बारमाही पाणी येतं, ती झरीबाई धांडोरे. आज घसरेल, उद्या घसरेल असं वाटत पिढ्यान् पिढ्या कड्याला टेकून राहिलेला काळा धोंडा म्हणजे मुका धांडोरे. लग्नकार्यात साऱ्या गावाचा भात ज्यात शिजतो, ते तांब्याचं तपेलं म्हणजे गंगूबाई धांडोरे. मागे या गंगूबाईला चीर गेली, तर त्या दिवशी गावात कुणी फोडणी घातली नाही. तांबटाने चीर सांधून दिल्यावर साखर वाटली. विदर्भातला कुणी बियाण्यांचा विक्रेता धांडोरे एकदा चुकून इथे आला होता. नाव सांगितल्यावर त्याला कुणी जेवल्याशिवाय सोडेना, आणि तीन घरची पानं संपवून तो बिचारा पोट धरून परत गेला.

गावचा नियम सरळ आहे. ज्याला धांडोरे आडनाव लागलं, ते विकायचं नाही, तोडायचं नाही, आणि ते गेलं तर त्याचं सुतक पाळायचं.

दिवाळीच्या सुट्टीत डोंगर चढायला आलेली शहरातली मंडळी ऐनाखालच्या पारावर टेकतात. भाऊबीजेच्या दिवशी पारावर एक तबक मांडलेलं असतं आणि त्यात निरांजन तेवत असतं. मग भिवाआजा त्यांना गोष्ट सांगतो. भिवाआजा धांडोरे हा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. पाणी भरलेली कळशी शेजारी ठेवून, काठी आडवी मांडीवर घेऊन तो बसतो. गोष्ट हळू सांगतो, आणि मध्ये कुणी फोटो काढायला उठलं तर तो परत येईपर्यंत गप्प राहतो.

फार जुनी गोष्ट आहे, असं तो सांगतो. तेव्हा आडनाव फक्त माणसांचंच होतं. भादव्यात सगळा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळा झालेला असताना याच ऐनाच्या मुळांच्या बेचक्यात एक तान्ही पोर सापडली. कुणी ठेवली, का ठेवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठकू नावाच्या एका विधवेने तिला उचललं आणि फुलावरून सोनकी हे नाव ठेवलं. पण आडनाव द्यायचं म्हटल्यावर गाव अडलं. आडनाव बापाकडून येतं नाही तर नवऱ्याकडून. या पोरीच्या बापाचा पत्ता नाही, मग आडनाव कुठून आणायचं?

गावाने तिला छळलं वगैरे नाही. पोर कुणाच्याही घरी जेवायची, कुणाचीही गुरं राखायची. पण जत्रेला प्रसादाचा वाटा देताना पाटील एकेकाचं नाव पुकारायचा, अमका धांडोरे, तमकी धांडोरे, आणि सगळ्यांत शेवटी नुसतंच "सोनकी" म्हणायचा. ती हात पुढे करायची. तिला त्या वेळी काय वाटायचं, ते ती फक्त ऐनाला सांगायची. ठकू मेल्यावर तर ती याच्याच बुंध्याला पाठ लावून बसायची. याची साल मगरीच्या पाठीसारखी खडबडीत, तरी तिला ती टोचायची नाही, असं सांगतात.

सोनकी मोठी झाली आणि हैबती धांडोरे नावाच्या एका तरुणाच्या मनात भरली. तोही तिच्या मनात होता. हैबतीची आई आधी बिनकुळाची सून नको म्हणून अडून बसली. पोराचं जेवणावरचं लक्ष उडालं तेव्हा ती वरमली, आणि नवरात्राच्या आधी सुपारी फुटली. तुळशीचं लग्न लागलं की यांचं लग्न. म्हणजे कार्तिकात सोनकीला नवरा मिळणार होता आणि त्याच्याबरोबर आडनावही. ती म्हणे शेणाच्या पाट्या वाहताना स्वतःशीच म्हणून बघायची, सोनकी हैबती धांडोरे. कुणी ऐकलं की लाजून पाटी डोळ्यांपुढे ओढायची.

दसरा झाला आणि गडाचा हवालदार सुतार-लाकूडतोडे घेऊन घळीत आला. गडाच्या मोठ्या दरवाज्याला जाड, एकसंध तुळई हवी होती. त्याने ऐन पाहिला, दोरीने बुंधा मोजला आणि खूण म्हणून कुऱ्हाडीचा एक घाव घालायला लावला. घावातून पाणी ओघळलं. ऐन पोटात पाणी धरतो, हे डोंगरात सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते पाणी पाहून बायकांना वेगळीच आठवण झाली. पलीकडच्या खोऱ्यात असाच एक ऐन तोडला होता, पुढच्या उन्हाळ्यात तिथला झरा आटला आणि ते गाव उठलं. आता तिथे नुसती जोती उरली आहेत.

तेव्हा पाटील होता मायाजी धांडोरे. माणूस बोलण्यात वस्ताद, पण पुढचा विचार जरा कमी करायचा. गडाशी भांडण्याचं बळ गावात नव्हतं. मायाजीने डोक्याला हात लावला, पुढे झाला आणि बेधडक म्हणाला, "सरकार, ह्ये झाड न्हाई. ह्यो आमचा भाऊबंद हाय. आमच्यातला थोरला धांडोरे. ह्याला तोडलंत तर सगळ्या गावाला सुतक. मग तुमच्या मानसांना आमच्या हातचं पानी न्हाई का चुलीतला इस्तू न्हाई."

हवालदार काही वाईट माणूस नव्हता. सुतकाच्या गावात माणसं घेऊन मुक्काम करणं त्याला नको होतं, आणि खालचं पाणी कोसभर लांब होतं. पण झाडाला आडनाव असतं हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "पाटील, भाऊबंद म्हणता ना? मग याचं लेकरू दाखवा. ज्याचं कुळ आहे, त्याला कुणीतरी बाप म्हणणारं असेल. ते लेकरू बेलभंडार उचलून सांगू दे. मी कुऱ्हाड आवरतो."

बेलभंडार हातात घेऊन घेतलेली शपथ म्हणजे देवापुढचं बोलणं. ती खोटी घ्यायला कुणी धजत नसे. साऱ्या गावाला आपापले बाप होते. आणि मग एकेकाची नजर सोनकीकडे वळली.

सोनकीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ऐन धांडोरे, तर त्याची लेकही धांडोरे, जन्मापासूनची. जे नाव ऐकायला ती लहानपणापासून आसुसली होती, ते आता नुसता हात पुढे करायचा अवकाश, तिचं होणार होतं. पण जन्माची धांडोरे झाली की गावातले सगळे पुरुष तिचे भाऊ. एका भावकीत लग्न होत नाही. हैबती समोरच उभा होता, खांद्यावर घोंगडी टाकून. त्यालाही कळलं होतं. त्याने नकारार्थी मान हलवली नाही आणि होकारार्थीही नाही. नुसता तिच्याकडे पाहत राहिला, असं सांगतात.

तिने झऱ्याकडे पाहिलं. तिथे बायका रिकाम्या घागरी घेऊन थबकल्या होत्या. या बायकांनी तिला वाढवलं होतं. आणि हा ऐन तर तिचं सगळंच होता. ती पुढे झाली, पाटलाने देवापुढून आणलेला बेल आणि भंडारा उचलला आणि म्हणाली, "माझं नाव सोनकी. ह्याच्या मुळांत मी जल्मले. ह्योच माझा बाप. आडनाव धांडोरे."

हवालदाराने मान डोलावली, पण तो कसलेला माणूस. त्याने गावाकडे तोंड केलं. "हे खरं आहे का? घराघराने सांगा."

मग घराघरातला पुरुष पुढे येऊन "व्हय, ती धांडोरे" असं म्हणत गेला. कुणी खाली बघून म्हणालं, कुणी घाईघाईने. हैबतीचा बाप वारलेला होता, म्हणून त्याच्या घरातर्फे बोलायचं ते त्यालाच. तो सगळ्यांच्या मागे राहिला होता. एका घराने जरी नाही म्हटलं असतं तरी शपथ खोटी ठरली असती, ऐन गेला असता, आणि सोनकी हैबतीची राहिली असती. हैबती पुढे आला. खांद्यावरची घोंगडी त्याने काढून हातात घेतली. मग म्हणाला, "व्हय. ती धांडोरेच."

हवालदाराने पायातलं काढून ऐनाला हात जोडले आणि आपली माणसं घेऊन दुसऱ्या रानाकडे वळला.

मग गावाला वाटलं की आता सगळं पहिल्यासारखं करता येईल. मायाजी पाटील संध्याकाळी सोनकीकडे आला. म्हणाला, हवालदार गेला, त्याला दाखवायचं ते दाखवून झालं, सुपारी फुटलेली आहे, कार्तिकात लग्न लावू, आपल्या गावात काय झालं ते बाहेर कोण सांगतंय. हैबतीची आईही आली होती आणि खरंच रडत होती. सोनकीने दोघांना पाणी दिलं. मग म्हणाली, "आबा, बाप येकदा म्हनलं ते म्हनलं. उद्या मी त्याला झाड म्हनलं, तर परवा कुनीबी कुऱ्हाड घेऊन यील." मायाजी जो मान खाली घालून गेला, तो पुन्हा या विषयावर बोलला नाही.

थोड्याच दिवसांत भाऊबीज आली. ज्या पोरीला उभ्या जन्मात भाऊ नव्हता, तिच्यापुढे या पारावर अख्खं गाव ओवाळून घ्यायला बसलं. तेल संपलं, कुंकू संपलं, तरी रांग संपेना. ती हसत होती आणि रडतही होती, आणि ती प्रत्येकाला ओवाळताना मायाजी पाटील मोठ्याने पुकारत होता, "ओवाळणार सोनकी धांडोरे!"

हैबती तेवढा आला नाही. ऊन कलल्यावर, सगळे घरी गेल्यावर तो आला. त्याच्या हातात पाण्याने भरलेली कळशी होती. तो येताना दिसला तशी सोनकीने तबक खाली ठेवलं आणि निरांजनावर तळहाताचा आडोसा धरला, चुकूनही ज्योत त्याच्यासमोर फिरू नये म्हणून. हैबतीने कळशी ऐनाच्या मुळाशी ओतली, घावावर ओला हात फिरवला आणि परत गेला. पुढे आईच्या हट्टापायी त्याने घाटावरची बायको केली, त्याला मुलंबाळं झाली. पण दर भाऊबीजेला ऊन कललं की तो कळशी घेऊन यायचा आणि ती ज्योत झाकायची.

सोनकीने लग्न केलं नाही. तिने झऱ्याला आडनाव दिलं, धोंड्याला दिलं, जे जे गावाला जपायचं होतं त्याला ती आपल्या घरात घेत गेली. ती म्हातारी होऊन वारली तेव्हा गावातल्या साऱ्या पुरुषांनी डोकी भादरली. ऐनाने त्या पावसाळ्यात, भर हिरवळीत, अर्धी पानं गाळली म्हणे.

इथे भिवाआजाची गोष्ट संपते. पाहुण्यांपैकी कुणीतरी बुंध्यावरची खूण शोधतं. ती आजही आहे, हाताच्या उंचीवर, कडा मिटत आलेली आणि कायम ओलसर. आजही भाऊबीजेला गावच्या माहेरवाशिणी सोनकीच्या वतीने पारावर साऱ्या पुरुषांना ओवाळतात. हे कळलं की पाहुण्यांतलं कुणीतरी हटकून विचारतं, "आजोबा, मग तुम्हाला कुणी ओवाळलं आज?"

भिवाआजा मान हलवतो. "गावात येक घर हाय, ते हितं ओवाळून घेत न्हाई," असं म्हणत तो काठीला रेटा देऊन उठतो. उन्हं एव्हाना मुक्या धोंड्यापलीकडे कललेली असतात. तो शेजारची कळशी उचलतो आणि ऐनाकडे चालू लागतो, आणि पारावर ओवाळायला थांबलेली पोर तबकापाशी वाकून निरांजनावर तळहात धरते.