सरदारांच्या घोड्याचा हरभरा

घाटाच्या पायथ्याला दरसाल खेचरवाल्यांचा मेळावा भरायचा. शर्यती व्हायच्या, दुखऱ्या जनावरांना औषधपाणी व्हायचं. एका साली सरदार भैरोजीराव मिरवत आले खरे, पण त्यांच्या घोड्याच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या आणि खोगिराखाली जखम चिघळली होती.

मेळावा भरवणाऱ्या बायजाबाईला ते बघवेना. ती म्हणाली, "सरकार, याला महिनाभर आमच्याकडे राहू द्या."

सरदार सगळ्यांदेखत हसले. "खेचरं हाकणाऱ्यांनी मला घोडा शिकवू नये. याला रोज चार शेर हरभरा मिळतो."

बायजाबाईने राग गिळला. "सरकार खोटं कसं बोलतील? चार शेर खाऊनही हा वाळलाय, म्हणजे आजार मोठा आहे. मग त्याला इलाजाला आमच्याकडेच ठेवा. आणि आजार नसेल, तर त्याचा हरभरा तुमच्या घरात कोण खातंय, तेवढं सांगा."

माळावर हशा पिकला. सरदार घोड्यावरून खाली उतरले.

"आजारीच आहे तो," ते पुटपुटले आणि लगाम तिच्या हातात दिला.

सरदारांना घरी पोचवायला बायजाबाईने आपलं सगळ्यात गरीब खेचर दिलं.