पाठमोरी सटवाई

करंजवाडीच्या वरच्या अंगाला खडकाळ माळ आहे, त्याला सडा म्हणतात. म्हशी चरायला जातात त्या वाटेवर तिथे सटवाईचे ठाणे आहे. देवळाला छप्पर नाही, घंटा नाही. देवी आहे, पण ती कड्याकडे तोंड करून बसलेली. येणाऱ्याला दिसते ती तिची पाठ आणि दगडातच कोरलेला अंबाडा. नवखी माणसे विचारतात, मूर्ती उलटी कोणी बसवली? शहरातून आलेला एक शहाणा तर म्हणे ती सरळ करून द्यायला निघाला होता. वाडीतले म्हातारे धाकूबाबा येडगे अशांना आधी खाली बसवतात. ही गोष्ट उभ्याने ऐकायची नाही, असा त्यांचा हट्ट.

ते सांगतात, फार पूर्वी इथे गवळी-धनगरांची मोजकी खोपटी होती. त्यांतल्या एकात झिमा नावाची सून होती. तिची दोन मुले पाचवी पुजायच्या आतच गेली होती. पुन्हा दिवस गेले तेव्हा ती सड्यावर आली आणि देवीला नवस बोलली, "हे मूल जगीव. माझा पैला चीक तुझा. पाचवी पुजंस्तोवर थेंब कुणाला द्यायची न्हाय." चीक म्हणजे बाळंतिणीचे पहिले, पिवळसर घट्ट दूध. आपल्याजवळ जे सगळ्यांत मोलाचे ते देवीला द्यावे, एवढाच तिचा विचार. दुसरे तिच्याकडे होतेच काय?

मुलगी झाली. रंगाने सावळी, आवाजाने खणखणीत. सासू रोज झिमाचा चीक वाटीत पिळून घ्यायची आणि सड्यावर नेऊन देवीच्या पुढ्यातल्या खळग्यात ओतायची. पोरीच्या ओठांना गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा लावायचे. बोळा चोखून पोर दमायची, पुन्हा रडायची.

त्याच दिवसांत गोठ्यातली म्हैस व्याली. झिमा बाजेवरून बघत होती. दीर चरवी घेऊन धारेला बसू लागला, तसा सासरा त्याच्यावर खेकसला, "आरं, आदी रेडकाला पिऊ दे. पोटात चीक गेल्याबिगर उभं ऱ्हायचं न्हाय ते." रेडकू लटपटत कासेला लागले आणि इकडे झिमाच्या चोळीला ओल फुटली. ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, येकदाच घिऊ का हिला?"

सासू काही दुष्ट नव्हती. दोन नातवंडे तिनेही मातीत ठेवली होती. ती म्हणाली, "बाय, नवस मोडला आन् काय इपरीत झालं, तर कुणाला बोल लावशील?" झिमाने पुन्हा बोळाच पोरीच्या ओठांना लावला. पोरीच्या जिवाच्या भीतीनेच ती पोरीला उपाशी ठेवत होती. असले भय देवाने वैऱ्यालाही देऊ नये, असे धाकूबाबा इथे म्हणतात.

पोरीचा लंगोट ओला होईना. ओठ सुकून तडकले, टाळू खाली बसली, रडणे कमी कमी होत गेले. घरच्यांना वाटले, पोर शांत झाली, देवी पावली.

पाचवी पुजून नवस फिटला, तशी झिमाने तिला छातीशी धरले. दूध आपोआप गळत होते. ते पोरीच्या ओठांवरून हनुवटीवर आले, मानेच्या वळीत साचले. तिच्या अंगात ओढायचे बळच उरले नव्हते. झिमा तिचे गाल दाबत राहिली, "घे की गं, आता तुजंच हाय," म्हणत राहिली. उजाडेपर्यंत सगळे संपले.

ओली बाळंतीण तशीच सड्यावर गेली. खळग्यातला चीक वाळून त्याचा पिवळा पापुद्रा झाला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिने शिव्याशाप दिले नाहीत, असे सांगतात. तिने एवढेच विचारले, "तुला तरी भूक हुती का गं?"

देवीला झिमाकडे बघवेना, म्हणून तिने तिथल्या तिथे पाठ फिरवली, म्हणे. लोक समजतात देवी कोपली. धाकूबाबा तसे कोणाला म्हणू देत नाहीत. झिमाचे दूध पुढे कितीतरी दिवस आटले नाही, आणि तिला पुन्हा मूल झाले नाही.

आजही करंजवाडीत मूल जन्मले की त्याला न्हाऊ घालायच्याही आधी आईच्या छातीला लावतात. महिना भरला की बाळंतीण त्याला घेऊन सड्यावर येते. देवीला नारळ नाही, नैवेद्य नाही आणि नवस तर बोलायचाच नाही. देवीच्या पाठीमागे बसून ती मुलाला पोटभर पाजते. मूल झोपले की झिमाच्या लेकीला प्यायला हाक मारायची, अशी रीत आहे. पण ती पोर बारशाआधीच गेली, तिला नावच नव्हते. म्हणून बाया नुसतेच "ये गं" म्हणतात, थोडा वेळ वाट बघतात आणि उठून घरी जातात.