टाके कुणाचे?

फार जुन्या काळी एका रानात रखमा नावाची शिंपीण पक्षीण इतरांना पानं शिवून घरटं करायला शिकवायची. परमुलखातून आलेली सोना नावाची पक्षीण तिच्याकडं शिकायला गेली. सोनानं आधी आपल्या मुलखात गवताच्या घरट्यात दोनदा पिलं वाढवली होती. पण तिनं चोच पुढं केली, की रखमा म्हणे, "थांब, तुला नाही जमायचं," आणि स्वतःच शिवून टाके. घरटं देखणं झालं.

सोनानं अंडी घातली आणि वाऱ्यानं शिवण उसवली. रखमा धावत आली, तर सोना नुसती उसवलेल्या शिवणीकडं बघत बसलेली.

"अगं, टाका घाल ना."

"कुठून घालू, मावशी? सगळे टाके तुमचे."

तेवढ्यात एक अंडं घरंगळलं आणि खाली पडून फुटलं.  मग रखमानं फाटकं पान पायांत घट्ट धरलं आणि हळूच विचारलं, "सोना, तुला कुठून शिवावंसं वाटतं?"