हिरव्या मातीचं गवत

एका राज्यात एक डोंगर होता. त्याची माती हिरवी, कडूजहर. तिच्यात काही म्हणजे काही उगवत नसे. उगवे ते एकच गवत, केसासारखं बारीक. डोंगराच्या पोटात मांत्रिकानं शापलेला तांब्याचा खजिना होता. पहिला हंडा उचलणारा तांब्याचा होईल, हे राजाला ठाऊक होतं. म्हणून त्यानं तो धुरपा गवतवालीच्या पोरीच्या, रंगूच्या डोक्यावर दिला. राजाच तो. मग बाकीचे हंडे निर्धास्त वाड्यात आणवले.

सकाळी पोरीचे तळवे फरशीवर ठणठण वाजू लागले. त्यांवर जुन्या तांब्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढला.

धुरपा डोंगरावर धावली. तिथं साळुंकी बसली होती.

"गवताच्या तीन जुड्या उरल्यात," साळुंकी म्हणाली. "पोरीच्या उशाशी एक रुजली, तर शाप उतरेल. तांबं काळजाला भिडलं, तर येऊ नकोस."

धुरपानं पहिली जुडी उपटली, झऱ्यावर मुळं स्वच्छ धुतली, नदीची काळी माती आणि मुरलेलं शेणखत घालून रंगूच्या उशाशी लावली. दुपारी गवत पिवळं पडलं. तांबं गुडघ्यावर आलं.

"आई, माझे पाय कुठं गेले?"

"आहेत. गप पड."

दुसरी जुडी तिनं आणखी घासून धुतली, वर दूध शिंपडलं. तीही मेली. आता रंगूची कंबर वाजत होती.

तिसरी जुडी धुरपानं झऱ्यावर धरली.

"पुन्हा धुतेस?" साळुंकी म्हणाली. "त्याच्या तोंडचा घास काढतेस आणि वर तुझं जेवण वाढतेस."

धुरपानं मुळांकडं पाहिलं. तीच हिरवी माती. असलंच हिरवं तिनं सकाळी पाहिलं होतं. ती न धुता पळाली.

रंगूच्या तळव्यांचा कळंक तिनं विळ्यानं खरवडला, करवंटीत भरला, त्यात जुडी लावून उशाशी ठेवली. तांबं छातीवर चढलं. धुरपा श्वास मोजत बसली.

एक पातं उभं राहिलं. मग दुसरं. गवत तांबं पिऊ लागलं.

"आई, अंगठा खाजतोय."

"खाजू दे, बाई. खाजू दे."

तिसऱ्या दिवशी जुडी डोंगरावर परत लावली. राजानं विचारलं, "आणि हंडे?"

"जिथले तिथं ठेवा, महाराज. तुम्हीच. जुडी एकच उरलीय."

शाप उतरला होता, तरी राजा एकेक हंडा डोंगरात परत वाहताना पायरीपायरीला पाय आपटून तळवे वाजतात का ते ऐकत होता.