कुंचलीचा एकच शब्द

अक्षरांना बोलता यायचं त्या काळी सदोबांच्या छापखान्यात कुंचली नावाची लाकडी अक्षरमाला होती. रंगात बुडवलेल्या कुंचल्यानं झरझर लिहावीत तशी तिची अक्षरं, कुठं जाड, कुठं बारीक, शेपट्या मोकळ्या सोडलेल्या. शेजारची साधी, उभी अक्षरं रोज कामाला जायची आणि हसतबोलत परतायची. कुंचलीला मात्र महिनोन्महिने कुणी हात लावत नसे.

"मलाही पानभर मजकूर द्या ना," एकदा तिनं सदोबांना विनवलं. "एकटीनं किती दिवस काढू?"

सदोबांना दया आली. वैद्यांच्या औषधाचं पत्रक त्यांनी तिच्याकडून छापून घेतलं. लगेच म्हातारी भिवराबाई ते घेऊन दारात हजर. "सदोबा, हे औषध पोटात घ्यायचं की गुडघ्याला चोळायचं? शेपटीत शेपटी अडकलीय, एक अक्षर लागेल तर शपथ!"

कुंचली शरमली. पत्रक उभ्या अक्षरांत पुन्हा छापावं लागलं.

पुढे गावात बाहुल्यांचा खेळ आला. जाहिरातीत वेळ आणि जागा सदोबांनी उभ्या अक्षरांत घातली, आणि वर कुंचलीचा मोठ्ठा, एकच शब्द: 'या!'

खेळ झाल्यावर भिवराबाई छापखान्यात आली. "पोरं परगावी गेल्यापासून मी कुठंच जात नव्हते, सदोबा. पण तो शब्द बघितला आणि वाटलं, कुणीतरी आपल्या हातानं लिहून मलाच बोलावलंय."

कुंचलीनं ते ऐकलं. कुणाला तरी सांगावं म्हणून ती वळली, पण उभी अक्षरं केव्हाच कामाला गेली होती.